गिरणीचा नंबर मोबाईलवर

५ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून धर्मराज पीठ गिरणी ऑनलाइन. वडवणीत पहिलीच असावी. दारातली डब्यांची रांग, त्यावरून बायकांची भांडणं, सगळं बंद. एआयला साध्या मराठीत सांगितलं, गिऱ्हाइकाने मोबाईलवर नंबर लावावा, पाळी आली की फोन वाजावा. चहा गार व्हायच्या आत वेबॲप तयार! कोडचं एक अक्षर लिहिलं नाही. समोरच्या सलीमची गिरणी महिनाभरात बंद पडेल. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

७ फेब्रुवारी
कौशल्याबाईंनी सवयीने डबा दारात ठेवला. उचलायला लावला. त्यांच्या घरात मोबाईल एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा कर्नाटकात ऊसतोडीला. त्याचाच नंबर घातला. पाळी आली तेव्हा फोन उसाच्या फडात वाजला. त्याने मलाच फोन लावला. म्हणे, "मामा, कशाची पाळी हाय? मी तर मोळ्या बांधायलोय." ॲपने काम चोख केलं. कौशल्याबाई डबा घेऊन सलीमकडे गेल्या. धीर म्हणून नाहीच लोकांना.

९ फेब्रुवारी
गव्हाच्या पिठात बाजरी उतरते म्हणून ओरड. एआयला सांगितलं, बाजरीनंतर गहू घेऊ नको. ऐकलं. सकाळी पहिलं दळण बाजरीचंच आलं, दिवसभर एकाही गव्हाला नंबर मिळाला नाही. चूक एआयची नाही. बाजरीने एवढ्या लवकर यायलाच नको होतं.

१० फेब्रुवारी
रहेमतबी म्हणाल्या, तुमी घरचा डबा मधीच घुसवता. लई झोंबलं. एआयला ठणकावून सांगितलं, बाहेरचं एक जरी गिऱ्हाईक बाकी असेल तर घरचं दळण घ्यायचं नाही. आता बोला म्हणावं!

१२ फेब्रुवारी
गिऱ्हाईक जरा कमी. अर्धा तालुका ऊसतोडीला गेलाय, दुसरं काय. सलीमकडे रांग रस्त्यापर्यंत आली होती. पण ती गिऱ्हाइकं नव्हेत, नुसते डबे.

१३ फेब्रुवारी
घरातलं पीठ संपलं. बायको मंगल डबा घेऊन गिरणीत आली. चिटपाखरू नव्हतं, तरी ॲप घरचा नंबर घेईना. कौशल्याबाईंच्या मुलाची पाळी अजून बाकी दाखवतंय. मंगल म्हणे, "गिरणी तुमची, बटण तुमचं, कावून थांबलाव?" समजावलं, मालकानेच नियम मोडला तर गाव काय म्हणेल? दुपारी भात खाल्ला. संध्याकाळीही भात.

१४ फेब्रुवारी
उद्या महाशिवरात्र. भगरीचं पीठ पाहिजे. मंगलने मला विचारलंसुद्धा नाही. डबा उचलला आणि रस्ता ओलांडून सलीमकडे ठेवून आली. सगळ्यांदेखत.

तासाभराने तो आणायला मला पाठवलं. सलीम रांगेतल्या बायकांना म्हणाला, "पहिलं धर्मराजभाऊचं होऊ द्या, आपलंच माणूस हाय." एकीनेही हुज्जत घातली नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत. मान वर करवेना. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

१६ फेब्रुवारी
ॲप बंद केलं. तात्पुरतं. दारात झाडून डब्यांना जागा केली. पूर्वीसारखी रांग सुरू झाल्याचं बायकांना कळावं म्हणून सकाळीच आमचा रिकामा डबा तिथे नेऊन ठेवला.

दुपार झाली. अजून त्याचाच पहिला नंबर आहे.