मायच्या दिव्याला खळं

९ जुलै, लातूर
अकरावीची नवी बॅच. रात्रीच्या उजेडाचे इंग्रजी शब्द घेतले. पोरं सगळ्याला 'लाइट' म्हणून मोकळी! ग्लो म्हणजे राखेतल्या निखाऱ्याचा, ग्लिमर लांबच्या शेतातला मिणमिणता, ग्लेअर समोरून येणाऱ्या ट्रकचा. 'हेलो'ला, म्हणजे उजेडाभोवतीच्या कड्याला, मात्र उदाहरण सुचेना.

१२ जुलै
माय गावी, भोकरजवळ, एकटीच. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "बल्बाला खळं पडायलंय रे बापू, चंद्राला पडतंय तसं. रंगीबेरंगी." मी उडालोच. हेच तर हवं होतं! म्हटलं, अजून काय काय दिसतं ते सांगत जा. "डोस्कं बी दुखतंय कवा कवा." म्हटलं, चष्मा पुसत जा.

१३ जुलै
वर्गात मायचं खळं सांगितलं. हेलो आता एकही पोरगं विसरणार नाही.

४ ऑगस्ट
माय रोज काहीतरी नवीन सांगते. गाडीचा उजेड "आंगावर येतंय", चांदणं "धुरकट". अर्धा अर्धा तास बोलतो. सगळं वहीत उतरवलं. त्यावरून केलेल्या नोट्स छापून आल्या, क्लासचे संचालक खूश.

२१ सप्टेंबर
धाकटीचा, सुनीताचा, नांदेडहून फोन. माय भरदुपारी ओट्यावरून पडली. पायरी दिसलीच नाही म्हणे. उद्या निघतो.

२३ सप्टेंबर, नांदेड
काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा. गेलेली नजर परत येत नाही, डावा थेंबांवर सांभाळायचा.
डॉक्टरांनी मायला विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची? कधीपासून?"
मला तारीख पाठ होती, १२ जुलै.
"झाले आसतील आठ-धा दिस."
"आधी कुणाला बोलला नाहीत?"
"कोनाला न्हाई."
सुनीता शेजारीच. मी मास्तर, लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा, तोंड उघडलं नाही. स्वतःची किळस आली.

२४ सप्टेंबर
सुनीता औषधं आणायला गेली तेव्हा मायला विचारलं, खोटं का बोललीस?
"सुनी भांडली आसती तुझ्यासंगं."
मग म्हणाली, "आन तू किती खुश व्हायचास रे. दुसरं काय सांगाया गेलं की दोन मिंटांत फोन ठेवतूस."
 दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो.

२ ऑक्टोबर, लातूर
माय गावभर सांगते, पोरानं टायमावर नेलं म्हणून एक तरी डोळा राह्यला. सुनीताही फोनवर तेच, "दादा, तू होतास म्हणून." मी 'हूं' म्हटलं. हूं!
रविवारी सुनीता लातूरला येतेय. सांगायचं. म्हणजे, सांगायलाच पाहिजे. पण मग माय खोटी ठरते, आणि...
संध्याकाळी मायला फोन केला. थेंब टाकले का, जेवलीस का, झालं. पुढं काय विचारावं कळेना. मग तीच म्हणाली, "ठेव बापू, तुझा क्लास आसंल."
आज सुट्टी, क्लास नव्हता. हो म्हटलं आणि ठेवला.