बारावी टाचणी

३ जुलै १९७९

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

नात झाल्याचं तुझ्या पत्रावरून कळलं. ठकूनं ते तुला कळवलं, मला नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं मुलगा पसंत केला तेव्हा मी त्याच्यासमोरच त्याच्या खोडी एकेक करून वाचून दाखवल्या. तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो, दुसरं मला येतं काय? त्या दिवशी पोरगी गेली, ती परत या घराची पायरी चढली नाही.

तर आता बाळाच्या दुपट्यांसाठी मी स्वतः पिशवी शिवतोय, चांगली अस्तराची. हसू नकोस. हिच्या माघारी बंद पडलेल्या मशीनला तेल घातलं. बाहेरून निळं जाड कापड, आतून मऊ पांढरं. दोन्ही पिशव्या वेगळ्या शिवल्या, एकीत दुसरी घातली, मधे टांगायचे बंद धरून तोंड चारी बाजूंनी शिवून टाकलं. आता सगळंच उलटं होऊन बसलंय आणि सुलट करायला वाटच नाही. सकाळपासून डोकं धरून बसलोय. उलट टपाली कळव.

तुझा, धाकटा

६ जुलै १९७९

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या शिवणाच्या दुकानात वाचून दाखवलं. शिवणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. अरे शहाण्या, अस्तराच्या तळाशी वीतभर जागा न शिवता सोडायची असते! तेवढी शिलाई उसव, त्या फटीतून अख्खी पिशवी बाहेर ओढ आणि मग ती फट हातानं शिवून टाक. टाचण्या मोजून लाव आणि मोजून काढ.

ठकू बरी आहे, पण बाळ वजनाला कमी आहे. जरा शिंकलं तरी तिच्या काळजाचं पाणी होतं. तिला घोर लागेल असं काही लिहू नकोस. नुसती पिशवी पाठव, सोबत उपदेश नको. जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस, आणि माझ्यावरचा राग-लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी, ताई

१२ जुलै १९७९

ती. ताईस, सा. न.

ताई, माझ्या हातून घोटाळा झालाय. पार्सल परवा रवाना केलं. आज पसारा आवरताना बशीतल्या टाचण्या मोजल्या. बारा लावल्या होत्या, अकराच भरल्या. मशीनखाली, टेबलाखाली, खुर्चीच्या गादीत, सगळीकडे शोधलं. गुडघ्यांवर बसून सतरंजी इंच इंच चाचपली. नाही. म्हणजे ती पिशवीतच गेली, कापड आणि अस्तराच्या मधे. आणि त्यात एवढ्याशा जिवाची दुपटी ठेवायची!

तार करावी, तर बाळंतिणीच्या दारात तार बघून घरभर रडारड होईल. पत्र लिहावं, तर दोन वर्षांनी बापाचं पहिलं पत्र आणि त्यात काय, तर मी पाठवलेली वस्तू वापरू नकोस. तूच तुझ्या नावानं लिही ना, अस्तर एकदा उसवून बघ म्हणून.

तुझा, धाकटा

ता. क. हे पाकिटात घातलं आणि परत काढलं. तुझ्या उत्तराची वाट बघण्यात चार दिवस जातील. ठकूला मीच लिहितो.

१२ जुलै १९७९

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

निळ्या पिशवीचं पार्सल मिळालं असेल तर त्यात बाळाचं काहीही ठेवू नकोस. आत एक टाचणी राहिली असावी. अस्तराच्या तळाशी हातशिलाई आहे, ती कापून आत बघ. सापडली नाही तर पिशवी फेकून दे, मला वाईट वाटणार नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. जन्मभर दुसऱ्यांचं काम तपासलं, स्वतःचं तपासलं नाही.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. जावयांना बोललो तीही माझी चूकच होती. त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण सांगायची लाज वाटली. बाळाला काही टोचलं नाही ना, एवढं एका ओळीनं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा

१९ जुलै १९७९

ती. ताईस, सा. न.

ठकूचं उत्तर नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो. तुला काही कळलंय का? वाईट असलं तरी लिही.

धाकटा

२० जुलै १९७९

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा पिशवी दोन दिवस आधीच आलेली होती आणि दुपटी भरून पाळण्याला टांगलेलीसुद्धा. बाळाला उघडं करून नखशिखांत बघितलं. कुठे ओरखडाही नाही, वजनही वाढतंय. तुमचा इतका राग आला होता, की उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

मग ह्यांनी पिशवी मांडीवर घेतली, उसवली, शिवण न् शिवण बोटांनी चाचपली. शेजारून लोहचुंबक आणून फिरवलं. टाचणी नाही. शिलाई मात्र जन्माची पक्की घातलीत म्हणाले, उसवताना नाकी नऊ आले. तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

तेव्हा टाचणी तुमच्याच घरात आहे. सतरंजी बाहेर नेऊन झटका, चष्मा लावून शोधा. बाळ सहा-सात महिन्यांत रांगायला लागेल, आणि मला तिला तुमच्या घरात निर्धास्तपणे खाली सोडायचंय.

तुमची, ठकू