शिट्टीचा वरचा सूर

४ फेब्रुवारी

आजही अर्धीच! पहाटेपासून वेधशाळेत हेडफोन लावून बसले होते. शिट्टी मधूनच सुरू होते आणि खाली घसरत जाते. वरचा सूर गायब. अँटेनाची तार तपासली, जोड पुन्हा सोल्डर केले. फरक शून्य.

५ फेब्रुवारी

जाऊबाई आल्या होत्या. "आकाशात शिट्टी वाजवतं तरी कोण?" त्यांना सांगितलं — पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वीज कडाडते. तिच्या रेडिओ लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात शिरतात, चुंबकीय रेषेला धरून भलामोठा वळसा घालतात आणि आमच्या तारेवर उतरतात. उंच सूर आधी पोचतात, खालचे रेंगाळत येतात. म्हणून कडाडण्याची शिट्टी होते.

"एवढ्या लांबून यायचं म्हणजे दमत असेल बिचारी," म्हणाल्या.

हसले खरी, पण तीच तर काळजी आहे. त्या थरात काहीतरी बदललंय, वरचे सूर वाटेतच गिळले जातायत. की माझ्याच यंत्रात खोट आहे?

६ फेब्रुवारी

साहेबांना सांगून टाकलं. म्हणाले, "बाई, खरं असेल तर मोठी गोष्ट आहे. शुक्रवारच्या बैठकीत तुम्हीच बोला." मी! इतकी वर्षं नुसती ऐकत बसले, बोला असं कुणी म्हटलं नव्हतं. आनंद झाला. आलेख काढायला ध्वनिमुद्रण मुख्य कार्यालयात पाठवलंय. चूक निघाली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

८ फेब्रुवारी

मनगटी घड्याळाचा गजर वाजलाच नाही. नवरा म्हणतो वाजला, त्यानेच वैतागून बंद केला. काहीतरीच! सेल बदलायला हवा.

१० फेब्रुवारी

साहेबांचा फोन. "आलेखात शिट्टी पूर्ण आहे, अगदी वरपासून. तुम्ही नक्की काय ऐकलंत?" हेडफोन खराब असतील म्हणाले. शेजारच्या विभागातून नवे मागून आणले. त्यातही अर्धीच. मग आलेखच चुकलाय. चुकलाच असणार. जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी

उद्या बैठक. घरी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लावत होते. नवरा कंटाळला. "दे इकडे, बघू तुझी ती शिट्टी." डोळे मिटून ऐकली. म्हणाला, "अगं, आहे की वरून. चांगली सणसणीत आहे."

मी चिडले. "कशी? करून दाखव."

त्याने हेडफोन काढले, ओठांचा चंबू केला आणि फुंकू लागला. गाल आत गेले, मानेची शीर ताठ झाली. खोलीत आवाज नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मधूनच शिट्टी सुरू झाली आणि खाली घसरत गेली.