पाठमोऱ्या बायका

नैरोबी, ३ मार्च

ती. सलामा मावशीस,

रुकियाचा सलाम. वि. वि. फोनवर तुझी तळणीच जास्त ऐकू येते, म्हणून बसच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवते आहे. हॉटेलवाल्यांनी आपल्या किनाऱ्यावर घातलेल्या भिंतीचा फोटो मी नेटवर टाकला, पण नुसती भिंत कोण बघतंय? होड्या लागल्या नाहीत तर तुमच्या चुली बंद, हे तुम्हाला बघूनच लोकांना कळेल. पुढच्या आठवड्यात कौन्सिलची बैठक आहे. मासे तळणाऱ्या सगळ्या बायकांचा एक फोटो पाठव ना.

आहे तशीच माया राहू दे.

तुझी रुकिया

म्वाम्बाओनी, ५ मार्च

चि. रुकियास,

अनेक आशीर्वाद. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आपल्या बायकांची तोंडं अख्ख्या जगाला दाखवायची? माझ्या शेजारी मासे तळणाऱ्या म्वानाइशाने तर कानांवर हात ठेवले. पण तोंड न उघडता भांडायला आपल्याला कोणी शिकवायला नको. जावेला टोमणा मारायचा तर काठावर बोचरी म्हण छापलेला कांगा पांघरून आपण तिच्या दारावरून जातोच की! सगळ्यांनी एकाच म्हणीचा कांगा घेतला: ‘समुद्राला कुलूप लावणाऱ्या, किल्ली कुठे ठेवशील?’ म्हण येते पाठीवर, म्हणून कॅमेऱ्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभ्या राहिलो. शेजारच्या मास्तरणीने फोटो तुला फोनवर धाडलाय.

वेळेवर जेवत जा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी मावशी

नैरोबी, ८ मार्च

ती. मावशीस,

सलाम. वि. वि. तुमच्या पाठींनी नुसता धुमाकूळ घातलाय! मोम्बासापासून झांजिबारपर्यंतच्या बायका कांगा पांघरून स्वतःचे पाठमोरे फोटो टाकतायत. मला आनंदाने झोप नाही, आणि भीतीनेही. हॉटेलने तक्रार केलीय, पोलिसांना तुमची नावं हवी आहेत. सांभाळून राहा गं.

लोभ आहे, तो दुप्पट कर.

तुझी रुकिया

म्वाम्बाओनी, १४ मार्च

चि. रुकियास,

आशीर्वाद. भिंत पडली गं पोरी! कौन्सिलनेच पाडली. पहिली होडी लागली तेव्हा मी ढसाढसा रडले.

पण त्याआधीचं ऐक. तुझ्या चिठ्ठीच्या आधी पोलीसच पोचला, आणि तोही म्वानाइशाचाच मुलगा, सार्जंट म्बाराका. फोटो नाचवत विचारायला लागला, यातल्या तुम्ही कोण कोण. आम्ही तोच कांगा पांघरून त्याच्याकडे पाठ केली. तो एकेक पाठ फोटोशी ताडत आला आणि आईपाशी थबकला. तान्हा असताना त्याच पाठीवर कांग्यात बांधून तिने त्याला बाजारभर वागवलेला. फोटो खिशात घातला. मग म्हणाला, फोटोतलं कोणी ओळखू येत नाही असं लिहून देतो.

म्वानाइशा वळली नाही. तशीच उभी राहून तिने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का.

येशील तेव्हा ताजा मासा तळून घालीन, तोवर विसरू नको.

तुझी मावशी