कानबाईच्या मागून

नवागाम, सुरत
बुधवार, १३ ऑगस्ट १९९७

चि. गोपाल यास,

मालतीवहिनीचा आशीर्वाद. तू मामांकडे आहेस तर त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहीत नाही, खरंच खुशाल आहोत. माझ्या जावेचा, म्हणजे तुझ्या धनश्रीचा, खोकला गेला. आमची जयश्री दहावीचा अभ्यास करते आहे असं म्हणते. घरात आता निम्मं गुजरातीच बोलते ती. काल ओरडली, "मम्मी, शाक बळी गयुं." मी म्हटलं, भाजी जळाली असं सांगितलं असतंस तर मी लवकर उठले असते.

वरचा पत्ता बघून दचकू नकोस, त्याचं पुढे सांगते. आधी कानबाईचं.

यंदाही कानबाई डिंडोलीच्या घरातच बसवली. तुझे दादा म्हणत होते, नवागामला बसवू, उगाच दगदग कशाला. मी ऐकलं नाही. घर घेतल्यापासून ती तिथेच बसत आलीये, आणि आता तिला गुपचूप हलवायची म्हणजे काय? सामान तर आधीच गेलं होतं. आषाढभर थोडं थोडं करून हातगाडीवर नेलं. घरात उरला फक्त चौरंग, त्यावर कानबाई, आणि आम्ही. आरती म्हटली की भिंतीतून परत ऐकू यायची. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, कपाट कुठंय? मी सांगून टाकलं, घराला रंग द्यायचाय. देवीच्या समोर खोटं बोलले. ती काही म्हणाली नाही.

आता ऐक. तुझ्या लूमसाठी काढलेलं कर्ज तुम्हा दोघा भावांच्या नावाने, तारण ठेवलेलं घरही दोघांच्या नावाने, म्हणून नोटीसही दोघांच्या नावाने आली होती, ते तुला ठाऊक आहे. ताबा घ्यायची तारीख पडली ती सोमवारची, म्हणजे नेमका कानबाईच्या विसर्जनाचा दिवस. बँकेने मुद्दाम केलं नसणार. त्यांना बिचाऱ्यांना कानबाई कुठून माहीत.

सकाळी आरती झाली, वाजंत्रीवाले दारात उभे, धनश्रीने कानबाई डोक्यावर घेतली, आणि त्याच वेळी बँकेचे वसुलीवाले भाईदासभाई दोन माणसं घेऊन गल्लीत शिरले. मला वाटलं, आता तमाशा होणार. पण आपल्या गल्लीच्या बायका म्हणजे काय सांगू तुला. त्यांना वाटलं, आपले कोणी सुरती पाहुणे आलेत. कोणी त्यांच्या कपाळाला गुलाल फासला, कोणी हातावर फुटाणे-लाह्या ठेवल्या. भाईदासभाईंनी पायातल्या चपला काढल्या. त्यांचा शिपाई कुलूप रुमालात गुंडाळून धरून बसला. मी जवळ जाऊन हात जोडले, तर तेच हळूच म्हणाले, "बेन, पहेलां माताजीने जवा दो. पछी ताळुं मारीशुं." आधी देवी, मग कुलूप.

मग आम्ही निघालो. पुढे वाजंत्री, मग धनश्री, मग मी आणि जयश्री, फुगड्या घालत नाक्यापर्यंत. तुझे दादा सगळ्यात शेवटी बाहेर पडले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि किल्ली भाईदासभाईंच्या हातात दिली, एवढंच. मी वळून पाहिलं नाही. नाचण्यातच मजा होती, खोटं कशाला सांगू. नाक्यावरून टेम्पोने तापीवर गेलो, देवीला आंघोळ घातली, आणि परत निघालो तेव्हा टेम्पोवाल्याने सवयीने विचारलं, डिंडोली ना? हे म्हणाले, नवागाम.

तुला ज्याची भीती वाटत होती ना गोपाल, भांडीकुंडी रस्त्यावर आणि गल्ली दारात उभी राहून बघतेय, ते झालंच नाही. आम्हाला घरातून कोणी काढलं नाही. देवी निघाली, तिच्या मागून आम्ही निघालो. गल्लीत तर म्हणत होते, यंदा मालतीबाईंची कानबाई थाटात गेली.

इथली खोली लहान आहे. एकीने पोळ्या लाटायला घेतल्या की दुसरीने दारात बसायचं. पण पाणी भरपूर आहे, शेजार आपला खानदेशी आहे, संध्याकाळी वारा येतो. धनश्री नि मी साड्यांना टिकल्या लावायचं काम घेतो, तिचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे आणि ते ती मला दिवसभर ऐकवते. दादा पुन्हा सुकलालशेठच्या कारखान्यात मागावर लागले. परक्याचे माग चालवतात, घरी येतात, जेवतात, झोपतात. सचिन गावातले तुझे लूम भंगारात गेल्यापासून हा माणूस छताकडे बघत पडायचा. आता घोरतो. जयश्री कानात कापूस घालून अभ्यास करते.

एक गोष्ट तुला सांगू नको असं यांनी मला बजावलंय, म्हणून सांगते.

जूनमध्ये वकिलाने यांना एक वाट दाखवली होती. लिहून द्या म्हणाला, की धाकट्या भावाने फसवून माझी सही घेतली. कागद इंग्रजीत होता, तुम्हाला वाचता येत नाही, निदान तुमचा अर्धा हिस्सा वाचवायला बघू. आणि ते अगदीच खोटं नव्हतं गोपाल. तू कागद पुढे ठेवलास, यांनी सही केली, मी चहा गाळत होते. कशावर सही केली ते विचारलंसुद्धा नाही त्यांनी. त्या दिवशी हे वकिलाकडून घरी आले, जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "सही मनी शे, भाऊबी मनाच शे." सही त्यांची, भाऊही त्यांचाच, झालं. वकिलाकडे पुन्हा गेले नाहीत.

मला भयंकर राग आला. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. अर्धं घर म्हणजे काही खाऊ नाही. मग एकदा धनश्री माझ्या शेजारी बसून भाकरी थापत होती, तिच्याकडे बघता बघता मनात आलं, हिच्या नवऱ्याला चोर ठरवून घर राखलं असतं तर हिने माझ्या चुलीपुढे बसून घास कसा गिळला असता? आणि मी तरी? राग गेला. सगळा नाही, थोडा ठेवलाय, तू आल्यावर काढीन.

तू धनश्रीला लिहिलंस की मला यापुढे तुमच्यात धरू नका, मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही. ती चार दिवस रडली, ते तुला कळलेलं बरं. नैवेद्याच्या रोटांसाठी घरच्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठभर धान्य दळायला काढत होतो, तेव्हा तिने घाबरत विचारलं, यांच्या नावाची मूठ घेऊ का? मी काही बोलायच्या आत दादा उठले आणि तुझ्या नावाची मूठ त्यांनी स्वतः सुपात टाकली. आता तुझ्या वाटणीचे रोट डब्यात आहेत. भाऊबंदांबाहेर कोणाला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. हा नियम काही मी केलेला नाही. पौर्णिमा सोमवारी आहे. भुसावळ पॅसेंजर पकड आणि उधन्याला उतर.

त्याच आठवड्यात नादारीच्या, म्हणजे दिवाळं निघाल्याच्या, अर्जाची तारीख आहे. कोर्टात दोघांना उभं राहायचंय. तू नाही आलास तर हे एकटे उभे राहतील आणि तुझ्याविषयी एक शब्द वावगा बोलणार नाहीत. मला तेच बघवणार नाही.

राहता राहिलं खोलीचं. मालक शालिग्रामआप्पा अमळनेरकडचेच आहेत. काल भाडेचिठ्ठी करायला आले. तुझ्या दादांनी त्यांना ती मोठ्याने वाचायला लावली, ओळ न ओळ, मधेच थांबवून अर्थ विचारून घेतला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, दोघा भावांच्या नावाने लिहा. आप्पांना आपली सगळी हकीकत ठाऊक आहे. ते पेन हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, "हिलालभाऊ, परत?"

हे म्हणाले, "लिखा."

यांची सही झाली आहे. शेजारी तुझी जागा मोकळी आहे.

तुझी, थोडा राग शिल्लक असलेली,
मालतीवहिनी