व्हयचे चार सूर

मंगळवार, संध्याकाळ

आजही माझ्या चिनी भाषेच्या तासाला तिसरीची पोरं 'मा' एकाच सुरात ओरडली. चिनीत सुरागणिक 'मा'चा अर्थ बदलतो, सूर चुकला की आईचा घोडा होतो, किती वेळा सांगू? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बंद करूया हा वर्ग. आपल्या पोरांच्या जिभेला न्हाय जमायचं ते."

घरी आले तर सासूबाई बिद्री गावच्या त्यांच्या भावाशी फोनवर बोलत होत्या. नुसतं "व्हय" चाललेलं. एकदा विचारत, एकदा मान्य करत, एकदा संशयानं, शेवटी दरडावून. शब्द एकच, सूर चार! आणि आमच्या पोरांना सूर जमत नाहीत म्हणे.

उद्या फळ्यावर आधी 'व्हय'च लिहिणार. मुख्याध्यापिकांनाही वर्गात बसवणार. "पोरांना जमतंय की," म्हटलं की त्या भुवया चढवून "व्हय?" म्हणतीलच. चिनीतला चढता सूर तोच. मग पोरांना सांगणार, म्हणा मोठ्या बाईंच्या मागोमाग!