तिसऱ्या सफरीचा कप्तान

बाबा, लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालाय. मी आता राहते त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा करणारा तो इंग्रज कप्तान, ज्याच्या तिन्ही सफरी तुम्ही मला ठाण्याच्या स्वयंपाकघरात ऐकवल्या होत्या, तोच तिच्या वाट्याला आलाय. रविवारची दुपार आहे, ग्लेन वेव्हर्लीच्या घरात आमच्या डायनिंग टेबलवर अख्खा पॅसिफिक पसरलाय. शाळेत तिला त्या किनाऱ्यांवर आधीपासून राहणाऱ्यांची बाजूही शिकवतात. तुमच्या गोष्टीत ती माणसं नुसती उभी असायची. ती विचारते, "आई, थर्ड व्हॉयेजला तो एवढा अँग्री का झाला? डिड नोबडी नोटिस?"

मला तुम्ही दिसता. सुट्टी संपून पुन्हा बोटीवर नोकरीला जायला चार दिवस राहिलेत, तुम्ही सुरीने लसूण सोलताय आणि सांगताय: दोन सफरी करून आलेल्या त्या माणसाला आता घरबसल्या पगार होता, तरी तो आपणहून निघाला. थकलेला, पोटाच्या दुखण्याने वैतागलेला. पूर्वी खलाशांना जपणारा कप्तान बारीकसारीक चुकांना चाबकाचे फटके द्यायला लावू लागला. हवाईहून निघाल्यावर डोलकाठी मोडली, म्हणून परत त्याच खाडीत शिरला. या खेपेला स्वागताला होड्यांची गर्दी नव्हती. कुणीतरी जहाजाची एक होडी चोरली आणि हा संतापून किनाऱ्यावर उतरला, तिथल्या राजालाच धरून आणायला.

"मग?" मी विचारते.

"मग काय, तिथेच मारला गेला."

तेवढ्यात सुरी खाली पडते. तुम्ही डावा दंड दाबत ओट्याला टेकता. कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक. मी शेजारच्या काकूंना बोलवायला दाराकडे वळते, तर तुम्ही माझं मनगट पकडता.

"एक शब्द बोलायचा नाही कुणाला. अनफिट ठरवलं तर कायमचं घरी बसवतील मला. कळलं?"

बोटांचे वळ उठले होते. आई भाजी घेऊन आली तेव्हा तुम्ही पुन्हा लसूण सोलत होतात. तिने मला विचारलं, "काय गं, इतकी गप्प का?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही बोटीवर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. तुम्ही डेकवर कोसळला होतात, आणि सगळ्यात जवळचं बंदर दोन दिवसांवर होतं.

"आई? आर यू लिसनिंग?"

"हो गं. लक्षात आलं असेल लोकांच्या. घाबरले असतील."

ती ते तसंच वहीत उतरवून घेते. आईलाही मी पुढे कितीतरी वर्षांनी हेच सांगितलं, की मी तुम्हाला घाबरले म्हणून बोलले नाही. तिने मला जवळ घेतलं. तिला ते पटलं.

हे कुठल्या पत्त्यावर जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या सुट्टीत तुम्ही दोनदा जेवणाचं ताट भिरकावलं होतं, आणि आई दिवसभर पावलांचा आवाज न करता वावरायची. तुम्ही कधी एकदा जाता म्हणून मी कॅलेंडरवर दिवस मोजत होते. मी बोलले असते, तर तुम्ही घरीच राहिला असतात.